भाताच्या पेंढ्यावर एन्झाइम देऊनही दूध का वाढत नाही?

गोठा_मुरबाड
१२ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई. प्रत्येकीला रोज पेंढा ६ किलो, हिरवं नेपिअर १५ किलो, दुधाप्रमाणे सरकी पेंड आणि खुराक. सेल्युलेज-झायलेनेजची, म्हणजे चाऱ्यातले तंतू फोडणाऱ्या एन्झाइमांची पावडर १५ दिवस खुराकातून देतोय, खुराक गरम पाण्यात भिजवून. दूध, फॅट जागच्या जागी. शेणात पेंढ्याचे लांब तुकडे तसेच. मात्रा दुप्पट करू का?

कुट्टीवाला
दुप्पट नको भाऊ. जास्त झालेलं एन्झाइम तंतूवर जिवाणूंना चिकटायची जागाच अडवतं, असं मानतात. आधी पाणी बघा. एन्झाइम म्हणजे प्रथिन, उकळत्या पाण्यात ते वाया जातं. शिवाय पावडर पडतेय पेंडीत, काम आहे पेंढ्यावर. चाऱ्याला धरून असलेलं एन्झाइम कोटीपोटात (गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात, जिथे जिवाणू चारा पचवतात) जास्त टिकतं, सुटं असलं तर तिथले जिवाणूच ते पचवतात.
पेंढ्याची २-३ सेंमी कुट्टी करा. पाकिटावरची मात्रा साध्या पाण्यात विरघळवून, ५ किलो कुट्टीला साधारण १ लिटर पाणी, पंपाने फवारा आणि खालीवर करा. तणनाशकाचा पंप चुकूनही नको. तासाभराने गव्हाणीत टाका. पावसाळ्यात रात्रभर ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत सकाळी बुरशीचा वास येतो.

पशुआहार_शहापूर
पद्धत बरोबर, पण मूळ दुखणं वेगळंच वाटतं. पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के. एकूण चाऱ्यात ७ टक्क्यांच्या खाली गेलं की जिवाणूंनाच नत्र पुरत नाही, मग एन्झाइमने मोकळी केलेली साखर वापरणार कोण? पेंढा कडक करणाऱ्या लिग्निन आणि सिलिकाला तर ही पावडर हातही लावत नाही. म्हणून आधी युरिया प्रक्रिया: १०० किलो सुका पेंढा, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. थराथराने शिंपडून पायाने दाबा, प्लास्टिकने हवाबंद झाका, २१ दिवस. लागेल तेवढाच काढून तासभर पसरून वाफ जाऊ द्या. आठ-दहा दिवसांत हळूहळू पूर्ण मात्रेवर या. सहा महिन्यांखालच्या वासरांना बिलकूल नाही. युरियाचं उरलेलं पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नका, विषबाधा होते.

गोठा_मुरबाड
मग युरियाच्या पाण्यातच एन्झाइम मिसळलं तर एक फेरी वाचेल ना?

पशुआहार_शहापूर
नाही. अमोनियाने पेंढ्याचा सामू (पीएच) ८-९ च्या घरात जातो आणि ही एन्झाइमं ५-६ ला चालतात. पाकिटावरचा एन्झाइमची ताकद सांगणारा युनिटचा आकडासुद्धा बहुधा ५० अंश तापमान आणि आम्ल सामूवर काढलेला असतो. कोटीपोटात मात्र ३९ अंश आणि सामू ६ च्या वर, तेव्हा आकड्यावर भाळू नका.

कुट्टीवाला
चाचणी सगळ्या गोठ्यावर नको. नुकत्या व्यालेल्या गाईंचे सारखे दोन गट करा, एकाला द्या, दुसऱ्याला नको. तीन आठवडे दोन्ही वेळचं दूध आणि फॅट लिहा. मूठभर शेण चाळणीत नळाखाली धुऊन तुकड्यांची लांबी बघा. भाकड गाईंवर पावडर घालवू नका.