कमी शुल्काचे उन्हाळी शिबिर आपल्या मुलाला मानवेल का, हे कसे ठरवावे?

निवांत_दुपार

नमस्कार. माझी मुलगी सात वर्षांची आहे. येत्या सुट्टीत तिला घराजवळच्या एका दिवसभराच्या शिबिरात घालावे, असा विचार चालू आहे. शिबिर एक स्थानिक मंडळ भरवते आणि त्याचे शुल्क इतर शिबिरांच्या मानाने फारच कमी आहे. पत्रकात चित्रकला, नाट्य, मैदानी खेळ, पोहणे असे बरेच काही छापलेले आहे. मात्र मुलांकडे लक्ष कोण देणार, याबद्दल त्यात एक ओळही नाही. मुलगी घरी बोलकी असली तरी अनोळखी घोळक्यात गप्प होते आणि काही हवे असले तरी मागत नाही. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे सुट्टीत तिची सोय लागणार हे खरेच. तरीही केवळ सोय म्हणून तिला तिथे नेऊन बसवणे मनाला पटत नाही. शुल्क कमी म्हणजे देखरेखही कमी, असेच समजायचे का? नोंदणीपूर्वी नेमके काय विचारावे?

कोरा_कागद

तसे सरसकट समजू नये. जागा फुकट मिळालेली असेल, एखाद्या संस्थेचे अनुदान असेल किंवा शिकवणारे मानधन न घेता येत असतील, तर शुल्क आपोआप खाली येते आणि त्यात मुलांचे काहीही बिघडत नाही. साहित्य साधे असणे, सहली नसणे, टी-शर्ट न मिळणे या काटकसरीकडेही खुशाल दुर्लक्ष करावे. काटकसर माणसांच्या संख्येत केलेली असेल, तर मात्र ते शिबिर स्वस्त असूनही महागच पडते. म्हणून आयोजकांना सरळ विचारावे की हे एवढ्या कमी शुल्कात कसे जमते. ज्यांचा हिशेब स्वच्छ असतो, त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही.

मधली_सुट्टी

मी अशा शिबिरांत बरीच वर्षे स्वयंसेवक म्हणून काम केले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिला प्रश्न संख्येचा. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मानकांनुसार दिवसभराच्या शिबिरात सहा ते आठ वर्षांच्या दर आठ मुलांमागे आणि नऊ ते चौदा वर्षांच्या दर दहा मुलांमागे किमान एक कार्यकर्ता असावा. सगळीकडे हे बंधनकारक नाही, पण तुलनेसाठी हाताशी असलेले बरे. ‘एकूण कार्यकर्ते किती’ असे विचारू नका, कारण त्या आकड्यात कार्यालयात बसणारे आणि तासापुरते येणारे शिक्षकही धरले जातात. ‘माझ्या मुलीच्या गटात किती मुले आहेत आणि त्या गटाबरोबर दिवसभर कोण असते’ असे विचारा. गटाचे ताई-दादा स्वतःच शाळकरी वयाचे असतील, तर त्यांच्यावर लक्ष ठेवणारे प्रौढ माणूस कोण, हेही विचारा.

दुसरे, वेळापत्रकात जे छापलेले नसते त्याची चौकशी करा. चित्रकलेच्या तासाला सहसा काही होत नाही. मुले हरवतात, पडतात, भांडतात ती एका कार्यक्रमातून दुसऱ्याकडे जाताना, स्वच्छतागृहाच्या रांगेत आणि घरी जाण्याच्या गडबडीत. डोकी केव्हा केव्हा मोजतात? मुलांना न्यायला कोण येऊ शकते, याची लेखी यादी असते का आणि यादीबाहेरचे माणूस आल्यास काय करतात? एकटे मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत राहणार नाही, असा नियम आहे का? दम्याचा पंप किंवा तत्सम औषध गटाबरोबर फिरते की कार्यालयाच्या कपाटात कुलुपात राहते?

पोहण्याबाबत मी सर्वांत कडक आहे. बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. ते मुकाट्याने खाली जाते. म्हणून पाण्याकडे पाहणाऱ्या प्रशिक्षित जीवरक्षकाला दुसरे कोणतेही काम असता कामा नये, शिकवण्याचेसुद्धा. याचे ठाम उत्तर मिळाले नाही, तर तेवढ्या कार्यक्रमातून मुलीला वगळण्यास सांगावे.

उन्हाचेही विचारा. शरीराला उष्णतेची सवय होण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी भर दुपारी धावण्याचे खेळ ठेवणाऱ्या आयोजकांनी या गोष्टीचा विचारच केलेला नसतो. पाणी ‘मागितले की मिळते’ हे पुरेसे नाही, ते ठरावीक वेळाने सगळ्यांना प्यायला लावले पाहिजे. न मागणाऱ्या मुलीच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे.

सावकाश

वरील सर्व मान्य, पण एवढी उलटतपासणी उत्तीर्ण झालेले शिबिरही एखाद्या मुलाला मानवत नाही. तुमच्या मुलीसारख्या मुलांना कार्यक्रमांच्या वैविध्यापेक्षा रोजची तीच माणसे अधिक उपयोगी पडतात. दर तासाला शिक्षक, जागा आणि गट बदलत असेल, तर ती दिवसभर नव्याने बिचकत राहील. उलट एकच ताई आणि तोच छोटा गट असेल, तर साध्यासुध्या शिबिरातही ती रुळेल. शक्य असल्यास शिबिर चालू असताना तिला घेऊन तासभर बघून या. गटाबाहेर एकटे बसलेल्या मुलाकडे कोणी जाते का आणि गेल्यावर ओढत आणते की शेजारी बसते, एवढे पाहिले तरी बरेच कळते. आणि तिलाही विचारा. मात्र ‘जायचे का’ असे न विचारता ‘तिथले काय आवडेल, कशाची काळजी वाटते’ असे विचारा, म्हणजे होकार-नकारापलीकडचे काही ऐकायला मिळेल.

निवांत_दुपार

सर्वांचे आभार. आज आयोजकांना भेटले. जागा विनामूल्य मिळालेली आहे आणि बरेचसे कार्यकर्ते स्वयंसेवक आहेत, म्हणून शुल्क कमी आहे. गट आठ मुलांचा असून त्याच्याबरोबर दिवसभर एकच प्रौढ ताई असते. मुलांना नेणाऱ्यांची नावे लेखी घेतात. पाण्याच्या वेळाही ठरलेल्या आहेत. पोहण्याच्या वेळी मात्र शिकवणाराच लक्ष ठेवतो, असे उत्तर मिळाले. त्या तासाला तिला चित्रकलेच्या गटात बसवण्याची त्यांची तयारी आहे, तसे नोंदणी अर्जावर लिहून घेतले. पूर्ण सुट्टीऐवजी सध्या एकाच आठवड्याची नोंदणी केली आहे.

मधली_सुट्टी

चित्रकलेच्या गटाची देखरेख त्या तासाला कोणाकडे असते, तेवढे विचारून घ्या. तुमच्या गटाची ताई त्या वेळी इतर मुलांबरोबर तलावावर असेल.