मदत हवी आहे: बंदी घातलेलं डीडीटी बर्फातून परत येतंय, मग प्रदूषण वाढतंय की घटतंय?

एमएस्सीच्या सेमिनारला 'हवामानबदल आणि चिवट सेंद्रिय प्रदूषकं' हा विषय हौसेने घेतला आणि पुरती अडकले आहे. जाणकारांनी वाट दाखवा.

मला कळलंय ते असं. डीडीटी (कीटकनाशक), पीसीबी (विद्युत उपकरणांत वापरलेली तेलकट रसायनं) वगैरे रसायनं लवकर मोडत नाहीत आणि प्राण्यांच्या चरबीत साठतात. उबेत उडायचं, गारठ्यात बसायचं, पुन्हा ऊब मिळाली की उडायचं, असं करत ती ध्रुवापर्यंत पोचली. २००१ च्या स्टॉकहोम कराराने सुरुवातीला अशा १२ रसायनांवर गदा आणली. इथवर ठीक.

पुढे घोळ आहे. स्वित्झर्लंडमधल्या ओबरआर तलावाच्या गाळात १९६०-७० च्या थरांत प्रदूषकांचा चढ दिसतो, मग उतार आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुन्हा चढ! वरची हिमनदी वितळतेय आणि जुना साठा खाली येतोय, हे पटतं. पण उष्णतेने ही रसायनं लवकर मोडतात असंही वाचलं, आणि आर्क्टिकच्या हवेत बहुतेकांची पातळी घटलेलीच दिसते. मग तापमानवाढीचा परिणाम नेमका काय सांगू? गाईड "दोन्ही" म्हणाले आणि मीटिंगला गेले.

प्रतिसाद १
गाईड बरोबरच बोलले, दोन मिनिटं थांबायला हवं होतं इतकंच :)
आर्क्टिकच्या आलेखातला उतार मुख्यतः बंदीमुळे आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं झेपेलिन आणि कॅनडातलं अलर्ट या आर्क्टिकमधल्या केंद्रांतल्या हवेच्या नोंदींवर २०११ मध्ये एक अभ्यास आला. त्यात हा उतार आधी गणिताने बाजूला काढला आणि उरलेले चढउतार तापमानाशी व समुद्री बर्फाशी ताडून पाहिले. ऊब वाढली, बर्फ हटला की बरीच रसायनं पुन्हा हवेत जातात, असं दिसलं. दोन्ही गोष्टी एकाच रेषेत शोधाल तर गोंधळच होणार.
मोडण्याचं म्हणाल तर वेग वाढतो हे खरं, पण डीडीटी मोडून डीडीई होतं आणि तेही चिवटच. मोडलं म्हणजे संपलं असं धरू नका.

प्रतिसाद २
अन्नसाखळी विसरू नका. समुद्री बर्फ घटत गेला त्या काळात पूर्व ग्रीनलंडमधल्या ध्रुवीय अस्वलांच्या खाण्यात रिंग्ड सील कमी होऊन हार्प आणि हूडेड सील वाढले. या सीलांच्या अंगात प्रदूषकं जास्त असतात. म्हणजे हवा सुधारली तरी अस्वलाच्या चरबीतली घट रेंगाळते.

मूळ लेखिका
बापरे, मी सगळं एकाच आलेखात कोंबत होते! आता हवा, गाळ आणि चरबी वेगळी काढते. शेवटची शंका: तो उतार 'बाजूला काढायचं' गणित एक्सेलमध्ये जमेल का, की 'आर' (R) ही आकडेवारीची संगणकभाषा शिकावी लागेल?