मदत हवी आहे: वडिलांची जुनी रॅले रेसर, रंग न घालवता पुन्हा चालती करायची आहे

मंडळी, नमस्कार. मी जळगावची. भुसावळच्या जुन्या घरातून मागच्या महिन्यात आप्पांची सायकल आणली. आप्पा रेल्वेत होते. १९७३ मध्ये त्यांनी ही सायकल निवृत्त होणाऱ्या एका इंजिन ड्रायव्हरकडून घेतली होती, तेव्हाच ती जुनी होती. वाकडं हँडल असलेली म्हणून कॉलनीत सगळे तिला 'रेसर' म्हणायचे. ८ मे १९७४ ला रेल्वेचा संप सुरू झाला, पगार थांबला, तेव्हा आप्पा भर उन्हात तापी ओलांडून सावद्याला माझ्या आजोळी याच सायकलवर जायचे आणि येताना कॅरियरला धान्याची पिशवी व केळीची फणी बांधून आणायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. सायकल त्याच्याही आधीपासून माडीवर उभी होती.

आता नीट सांगते काय आहे ते. पुढे रॅलेचा बगळ्याचा पितळी बिल्ला शाबूत आहे, त्यावर नॉटिंगहॅम लिहिलंय. मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या गिअरच्या तुंब्यावर) स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू, आणि शेजारी ६० व ५ असे आकडे ठोकलेले आहेत. टायरवर २७ x १ १/४. क्रँक कॉटरवाल्या, म्हणजे पायडलचे दांडे एक्सलवर तिरप्या पिनेने अडकवलेले. स्टेम ॲल्युमिनियमचा, त्यावर जीबी अशी अक्षरं. मॉडेलचं नाव पुसलं गेलंय. रंग काळपट हिरवा, बराच उडालेला, लगच्या (नळ्यांच्या सांध्यांवरच्या टोप्यांच्या) कडांना गंज.

आणि सीटच्या खालच्या नळीवर पांढऱ्या ऑइलपेंटने आप्पांचं नाव आणि खाली 'भुसावळ'. भुसावळच्या बाजारातल्या एका पेंटरने हाताने काढलेलं आहे. 'ळ'चा गोल इतका सुबक आहे की तेवढ्यासाठीच मला फ्रेमला सँडब्लास्ट करायचं नाही. एमआयडीसीत विचारलं तर सगळे एकच सांगतात, ताई, पावडर कोटिंग करून टाका, नवीकोरी दिसेल. मला नवी नको आहे. ही जशी आहे तशी चालायला हवी.

माझ्या अडचणी:

हँडलचा स्टेम चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) नळीत घट्ट बसलाय. वरचा बोल्ट पूर्ण काढला, तरी तसूभर हलत नाही. ओळखीचे एक वेल्डर म्हणतात गॅसने तापवू. मी थांबवलंय.

दुसरी अडचण जास्त मनाला लागलेली आहे. एका दुकानात पायडलचा एक्सल कुरकुरतो म्हणून दाखवायला नेली. कारागिराने डावीकडचा कप (छर्रे ज्यात फिरतात ती आट्यांची वाटी) काढला, आत खड्डे पडलेत म्हणाला, आणि नवा कप लावायला घेतला. तो अर्धा फेरा गेला आणि अडकला. मी पैसे द्यायला गल्ल्याजवळ उभी होते, तेवढ्यात त्याने पाना लावून पाईपने जोर दिला. आता फ्रेमचे बाहेरचे दोन-तीन आटे चुरडलेत. जुना कप माझ्याकडे आहे, तोही आता सरळ जात नाही. फ्रेम गेली का?

तिसरं, गिअर. वायर तुटलेली आहे. चाक फिरतं, पण हाताने पायडल फिरवून पाहिलं तर फारच जड गिअर आहे. हब उघडावा लागेल का?

शिवाय टायर. दुकानदाराने '२७' म्हणून जो दिला तो रिमवर चढतच नाही, फारच लहान आहे.

सोळा वर्षांची मुलगी मदतीला आहे. पाने, कानस, वाईस घरी आहे. दिवाळीनंतर ऊन उतरलं की सावद्यापर्यंत जायचं आहे, त्याआधी हातात वेळ भरपूर आहे.

प्रतिसाद (धुळे)

ताई, सगळ्यात आधी वेल्डरला घरी पाठवलंत ते उत्तम केलंत. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बाहेरची नळी पोलादी, आतला स्टेम ॲल्युमिनियमचा, म्हणजे तापवाल तर तो आत आणखी आवळेल. शिवाय रंग जळेल तो वेगळाच. तुम्हाला बर्फ लागणार आहे.

पण त्याआधी तो बोल्ट परत घाला. स्टेमच्या बुडाशी एक शंकू असतो, बोल्ट त्याला वर ओढतो आणि स्टेम फाकून नळीत बसतो. बोल्ट नुसता काढल्याने शंकू सुटत नाही. बोल्ट आत फिरवा, चार-पाच आटे वर राहू द्या, वर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि हातोडीचा एकच दणका द्या. 'खट्' झालं की शंकू पडला. एवढं करून मग सांगा.

गिअरचं मात्र मनावर घेऊ नका. तुमचा हब बहुतेक ठणठणीत आहे. स्टर्मीच्या तीन गिअरच्या हबात वायरला ताण नसला की तो आपोआप सगळ्यात जड गिअरवर राहतो. वायरच तुटलीय, म्हणून तो तिथे बसलाय. मधला गिअर सरळ, जड गिअर त्याच्यापेक्षा एक तृतीयांश वर, हलका एक चतुर्थांश खाली. हबच्या अंगावर तेल घालायची छोटी टोपी असेल, ती उघडून पातळ मशीन ऑइल चमचाभर घाला, चाक फिरवत राहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा घाला. काळं पाणी बाहेर येईल, येऊ द्या. आत ग्रीस भरायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, आतल्या खिट्ट्या चिकटतात. तो ६० आणि ५ म्हणजे मे १९६० ला हब बनला. सायकलही त्याच सुमाराची धरायला हरकत नाही, अर्थात मागचं चाक बदललेलं नसेल तर.

प्रतिसाद (पुणे)

आट्यांबद्दल. फ्रेम गेलेली नाही. त्या कारागिराला माहीत नसावं, पण रॅलेचे आटे वेगळे. बहुतेक इंग्लिश सायकलींना इंचात २४ आटे असतात, नॉटिंगहॅमची रॅले स्वतःचे २६ पाडायची. दोन्हींचा व्यास जवळपास सारखाच, त्यामुळे २४ चा कप सुरुवातीला धरतो आणि मग अडकतो. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

या मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) सहसा मिळत नाही. पण एक पोलादी कपच टॅपसारखा वापरता येतो. त्याच मापाचा दुसरा जुना कप शोधा. रॅलेने १९३२ मध्ये हंबर आणि १९४३ मध्ये रज कंपनी घेतली, त्यामुळे त्यानंतरच्या हंबर किंवा रजचा कपही चालून जाईल. भंगारात बघा. विकत घेण्याआधी तो तुमच्या जुन्या कपाशेजारी धरा, दोघांचे आटे एकमेकांत दातात दात बसले पाहिजेत, मध्ये उजेड दिसता कामा नये. मग तिकोनी कानशीने त्याच्या आट्यांना आडव्या तीन खाचा पाडा. चुरा साठायला जागा मिळते आणि खाचेची कड कापते. भरपूर तेल लावा, हाताने सरळ धरला, पाव फेरा पुढे, अर्धा मागे, काढा, पुसा, पुन्हा. पाना लावायची घाई नको. सुरुवातीला कप तिरका बसला तर सगळं फुकट जाईल, म्हणून हे काम फ्रेम आडवी झोपवून करा.

उजवीकडचा कप हलवू नका. त्याचे आटे उलटे असतात, आणि तो बसलेला असेल तर बसू द्या. आतून कापडाने पुसला की झालं. छर्रे मात्र सगळे नवे घ्या, पाव इंची, एका बाजूला अकरा. जुन्या कपात बारीक खड्डे असले तरी नवे छर्रे आणि ग्रीस घालून पुष्कळ वर्षं चालतो. कुरकुर थोडी राहील.

टायर: तुम्हाला दुकानदाराने २७.५ दिलाय, तो डोंगरी सायकलचा. त्याच्या रिमचं माप ५८४ मिमी. तुमच्या २७ x १ १/४ चं ६३०. हल्लीच्या रेसरचा ७००सी म्हणजे ६२२, तोही चढणार नाही. आणि साध्या काळ्या सायकलचा २८ x १ १/२ म्हणजे ६३५, तो सैल बसेल आणि हवा भरताच निसटेल. दुकानात इंच बोलू नका, टायरच्या कडेला छापलेला ६३० आकडा स्वतः वाचून घ्या.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. गिअरचं वाचून मी त्याच रात्री तेल घातलं. तिसऱ्या दिवशी हबमधून बाहेर येणाऱ्या गिअरच्या बारीक साखळीचं टोक हाताने ओढून पाहिलं तर गिअर बदलतोय! मुलीने आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतलं.

शंकू पहिल्याच दणक्यात सुटला. स्टेम मात्र अजून तसाच. इथे आज पारा पंचेचाळीसच्या वर आहे, बर्फ लावला की पाणी होतंय.

प्रतिसाद (धुळे)

मग घाई सोडा. चाक काढा, सायकल उलटी करा. चिमट्याच्या मुंडीला खालून भोक असतं, मडगार्डचा बोल्ट काढला की नळी आतून दिसेल. तिथून पेनिट्रेटिंग तेल ओता, स्टेमच्या बुडापर्यंत साठलं पाहिजे. चार दिवस उलटीच ठेवा, रोज थोडं थोडं घाला. वरून ओतलेलं तेल कधीच पोचत नाही, सगळे तिथेच चुकतात.

पाचव्या दिवशी पहाटे पाचला उठा, तेव्हा लोखंड त्यातल्या त्यात गार असतं. बर्फ बारीक कुटून मीठ मिसळा, प्लास्टिकच्या पिशवीत भरा आणि फक्त स्टेमभोवती बांधा, अर्धा तास. मग फिरवा. पण चाक पायात धरून हँडल पिळायचं नाही, चिमटा वाकतो. चिमट्याची मुंडी दोन लाकडांमध्ये धरून वाईसमध्ये आवळा आणि हँडल फिरवा. कॉस्टिक सोडा घालून ॲल्युमिनियम विरघळवतात, तो उपाय मी सांगणार नाही. रंगाची वाट लागेल, आणि डोळ्यांना धोका आहे.

प्रतिसाद (शिरपूर)

ताई, मी शेतकरी माणूस, सायकली हा छंद. रंगाबद्दल लिहितो, कारण तुमच्या नावाच्या अक्षरांचं वाचून मला माझ्या काकांची सायकल आठवली. तिच्यावर नगरपालिकेचा कराचा बिल्लाही होता. आम्ही ती रंगवून घेतली आणि अक्षरं गेली. आज तेवढंच आठवतं.

साध्या साबणाच्या पाण्याने धुवा, सुती कापड वापरा. नाव आहे तिथे घासू नका, नुसतं टिपा. मग गाडीचं मेण हलक्या हाताने. गंज उतरवायला लिंबूसत्त्व घ्या, लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम. त्यात फक्त सुटे भाग बुडवा, बोल्ट, पायडल, रिंगा. रात्रभर ठेवून सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा आणि लगेच पुसून तेल लावा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबडं होतं. चेन आणि स्प्रिंगा आम्लात घालू नका, ठिसूळ होतात. संडासच्या ॲसिडच्या नादी तर अजिबात लागू नका, क्रोम खाऊन टाकतं. रिमच्या क्रोमला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची चांदी चुरगाळून, पाण्यात भिजवून घासा. गंज निघेल आणि क्रोमवर ओरखडा उठणार नाही.

फ्रेमच्या आतल्या गंजाला जवसाचं तेल. पेंटच्या दुकानात डबल बॉईल्ड म्हणून मागा. नळ्यांमध्ये ओतून फ्रेम सगळीकडून फिरवा, जास्तीचं निथळू द्या. आठवड्याभरात आत पातळ कातडीसारखा थर वाळतो. एक गोष्ट विसरू नका: त्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपली आपण पेट घेऊ शकते. तुमच्याकडच्या उन्हात तर नक्कीच जपा. चिंध्या पाण्यात बुडवा किंवा मोकळ्या पसरून वाळवा.

आणि घाबरू नका. बठ्ठं व्हई जाई (सगळं होऊन जाईल).

मूळ धागाकर्ती

उशीर झाला लिहायला, पण आधी बातमी. स्टेम निघाला!

पहाटे पाचला बर्फ बांधला. साडेपाचला मी आणि मुलीने मिळून हँडल फिरवलं. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा सुई मोडावी इतका बारीक आवाज आला. मग अर्धा सेंटीमीटर फिरला आणि तिथून पुढे पांढरी भुकटी सांडत सांडत निघाला. आम्ही दोघी अंगणात खाली बसलो. आई आतून विचारत होती, काय पडलं?

कपाचा शोध दोन आठवडे चालला. जळगावात मिळाला नाही, धुळ्याच्या एका भंगारात हंबरची मोडकी फ्रेम सापडली, दोन्ही कप तिच्यातच होते. जुन्याशेजारी धरून पाहिला, उजेड दिसला नाही. कानशीने खाचा मुलीनेच पाडल्या, तिचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे. पाव फेरा पुढे, अर्धा मागे करत तीन दिवस लागले. आता आप्पांचा मूळ कप हाताने शेवटपर्यंत जातो. बाहेरचा एक आटा उरलेला नाही, पण आतले चांगले धरतात आणि वरून लॉकरिंग आहे.

नाव धुतल्यावर खाली अजून एक ओळ दिसली, बारीक अक्षरांत, मळाखाली झाकलेली: '१९७३'. मला माहीत नव्हतं की त्यांनी सालही लिहून घेतलं होतं.

आता दोन गोष्टी अडल्यात. कॉटर बसवताना दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत, एक थोडी पुढे राहते. आणि ६३० चे टायर खान्देशात कोणाकडे मिळाले असतील तर कृपया सांगा, जोडी हवी आहे.

प्रतिसाद (पुणे)

कॉटर दोन्ही एकाच दिशेने घातलेत का? एकीचा नट वर असेल तर, क्रँक तशीच ठेवून, दुसरीचा खाली यायला हवा. ते बरोबर असेल तर सपाट बाजू सारख्या कापलेल्या नाहीत. जी क्रँक मागे पडते तिची पिन कानशीने थोडी थोडी उतरवा, दर वेळी बसवून बघा. ९.५ मिमीच्याच घ्या. बाजारातल्या पिना मऊ असतात, पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावा लागेल. सावद्याला निघण्याआधी तेवढं गावातल्या गावात फिरून घ्या.

मूळ धागाकर्ती

एकाच दिशेने घातले होते! आत्ता सोडून परत बसवले, क्रँक रेषेत आहेत. टायरची वाट बघते आहे.