साडेअकराशे 'अननोन आर्टिस्ट'

लोकलमधली गंधार
मंडळी, मदत हवी आहे. डोंबिवली ते सीएसएमटी, जाऊन-येऊन अडीच तास मी फक्त ऐकते. त्यासाठी बटणांचा छोटा प्लेअर घेतला, २५६ जीबीचं कार्ड टाकलं. लेडीज डब्यात एक हात कडीला असताना टच स्क्रीन काय कामाचा!

कार्डावर एक तर सीडींवरून उतरवलेलं थोरामोठ्यांचं गाणं आहे, पाचेक हजार ट्रॅक. आणि दुसरी आमच्या गाण्याच्या बाईंची शिकवणी, १४ वर्षांची, साडेअकराशे फायली. रेकॉर्डरमधून जशाच्या तशा ओतल्यात: आरईसी ००१, आरईसी ००२... रेकॉर्डर तीनदा बदलला, म्हणून ००१ पण तीन. तारखेने लावावं तर सेल बदलला की त्याचं घड्याळ पुन्हा १ जानेवारी, रात्री १२. त्या हिशेबाने बाईंनी मला संध्याकाळचा अख्खा मारवा राग मध्यरात्री शिकवलाय.

प्लेअरच्या लेखी बाई म्हणजे 'अननोन आर्टिस्ट'. सगळे पंडित 'पी'खाली रांगेत, उस्ताद 'यू'खाली. कुमारजी (कुमार गंधर्व) तीन ठिकाणी राहतात. मला एवढंच हवंय, सकाळच्या फास्टमध्ये तोडी राग उघडला की बाईंची तोडी यावी आणि तिच्याखाली किशोरीताईंची (आमोणकर). जमेल?

निषाद१९
ताई, प्लेअर यादी लावताना फायलीचं नाव बघत नाही, आतले टॅग बघतो, म्हणजे कलाकार, अल्बम, जॉनर (संगीताचा प्रकार) अशा चिठ्ठ्या. एमपी३टॅग हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, शेकडो फायली एकदम निवडून भरता येतात. 'जॉनर'मध्ये क्लासिकल लिहून उपयोग नाही, तुमच्याकडे सगळंच क्लासिकल. तिथे राग लिहा. म्हणजे जॉनर उघडलं की तोडी, तोडीत बाई आणि किशोरीताई शेजारी शेजारी.

'आर्टिस्ट'मधलं पं., उ., विदुषी काढून टाका, अपमान होत नाही. स्पेलिंग एकच ठरवा. भूपला कुठे एक 'यू', कुठे दोन 'ओ' लावलेत तर यंत्राला ते दोन वेगळे राग वाटतात. जुगलबंदीला 'अल्बम आर्टिस्ट' भरा, नाहीतर अल्बमचे तुकडे पडतात.

कशाला एवढं
मोबाईलवर ऐका की. सगळं मिळतं.

लोकलमधली गंधार
आमच्या बाई कुठल्या ॲपवर मिळतात? शिवाय मोबाईलवर ऐन मींडेत कुरियरवाल्याचा फोन येतो.

टेपवाले काका
मी टॅगच्या भानगडीत पडलो नाही. रागाचा फोल्डर, त्यात कलाकाराचा, प्लेअरवर यादीऐवजी फोल्डरच उघडायचा, संपलं. नावाआधी ०१, ०२ असं लिहा. शून्य नसेल तर बऱ्याच प्लेअरवर १० नंबर २ च्या आधी वाजतो. काही स्वस्त प्लेअर तर नावही बघत नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने कॉपी झालं त्या क्रमाने वाजवतात. माझ्याकडे कित्येक महिने द्रुत (जलद) आधी आणि विलंबित (संथ) मागून येत होता. लिनक्सवर फॅटसॉर्ट हे कार्डावरचा क्रम लावणारं सॉफ्टवेअर चालवलं तेव्हा सुधारलं.

देवनागरी नावं आधी एका फायलीवर तपासा. माझ्या प्लेअरवर पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते आणि मल्हारचा पाय मोडतो. शेवटी रोमनमध्ये लिहिलं.

आणि पोरी, हात लावायच्या आधी सगळ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेव. मी एकदा एका क्लिकमध्ये चारशे फायलींचं नाव 'साइड बी' करून ठेवलं होतं.

लोकलमधली गंधार
तीन आठवड्यांनी येतेय. काका, प्रत आधी केली. सीडींचं काम दोन रविवारांत उरकलं, कुमारजी आता एका घरात नांदतात.

शिकवणीला मात्र शॉर्टकट नाही. रोज रात्री १० फायली, प्रत्येकीचं सुरुवातीचं ऐकते. तानपुरा लागतो, बाई विचारतात चहा घेतलास का, मग कुठे राग कळतो. २१० झाल्या. वर्ष मी माझ्या आवाजावरून ओळखते. पहिल्या दोन वर्षांतला माझा निषाद, म्हणजे 'नी', कुणाला ऐकवण्यासारखा नाही (१९ क्रमांकाच्या निषादाने राग मानू नये).

आता एक अडचण. यमन चालू आहे, विसाव्या मिनिटाला शेजारीण वाटीभर साखर मागायला येते, ती गेल्यावर बाई भूप सुरू करतात. जॉनर काय लिहू?

निषाद१९
नाही मानला. एमपी३ असेल तर एमपी३डायरेक्टकटने दोन तुकडे करा. पुन्हा एन्कोड होत नाही, आवाज आहे तसाच राहतो.

लोकलमधली गंधार
कापते. शेजारीण यमनमध्ये ठेवू की भूपमध्ये?

टेपवाले काका
यमनमध्ये. भूपात मध्यमच नसतो, आणि साखर मागताना तिचा मध्यम तीव्र लागला असणार.