प्रतिसाद: उकडे आणि सुरय, आकडे सारखेच?

उकड्या (साळ उकडून काढलेल्या) आणि सुरय (न उकडलेल्या, पांढऱ्या) तांदळाच्या पाकिटांवर कॅलरी जवळजवळ सारख्याच, मग फरक काय, असा एकाचा प्रश्न. आकडे बरोबर आहेत, पण ते १०० ग्रॅम कोरड्या तांदळाचे. १०० ग्रॅम उकडे ८०० मिली पाण्यात शिजवले की २०० ग्रॅमच्या वाटीभर पेजेत जेमतेम २५-३० ग्रॅम तांदूळ येतो, तेवढ्याच वजनाच्या मोकळ्या भातात दुपटीहून जास्त. कॅलरी मोजायच्या अ‍ॅपात नुसतं 'तांदूळ, एक वाटी' लिहिलं की हिशेब तिथेच फसतो.

दुसरं म्हणजे भात (साळ) टरफलासकट भिजवून उकडताना कोंड्यातलं ब१ जीवनसत्त्व काही प्रमाणात दाण्यात उतरतं. त्यामुळे पॉलिश केलेले उकडेही सुरयपेक्षा बरे. तरी लाल कोंडा दिसणारेच घ्या. एकदोनदाच धुवा. पाण्याला थोडी लाली येणारच, पण दाणा पांढरा पडला तर रंग दिलेला समजा. पेज चाळीसेक मिनिटं मंद आचेवर शिजवा, निवळ (वरचं पाणी) ओतून टाकायची नाही. सोबत रात्रभर भिजवलेल्या अळसांद्यांचं (गोव्याकडच्या चवळीचं) तोणाक, म्हणजे नारळाच्या वाटणाची उसळ. किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), तोर (मिठातली कैरी) चवीपुरतंच; मीठ तिथेच वाढतं, आणि कॅलरी मोजणाऱ्यांच्या ते ध्यानातही येत नाही.