संधिवाताचं इंजेक्शन घरी स्वतःचं स्वतः घ्यायला कसं शिकलात?

पहाटपाखरू:
नमस्कार मंडळी. मला रुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणजे आमवात आहे, दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं धरलीयेत. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या बरेच दिवस चालू होत्या, पण डोस वाढवत नेला तशी मळमळ एवढी वाढली की गोळीच्या आदल्या दिवसापासूनच पोटात ढवळायला लागायचं. आता डॉक्टरांनी गोळ्या बंद करून तेच औषध इंजेक्शनने सुरू करायचं ठरवलंय, आठवड्यातून एकदा, कातडीखाली, औषध भरलेली तयार सिरिंज येते ती. त्यांचं म्हणणं असं की डोस एका मर्यादेपुढे गेला की गोळीतलं औषध पोटातून पूर्ण शोषलं जात नाही, इंजेक्शनचं जातं आणि पोटालाही आराम पडतो. हे पटलं मला. पण ते घरी स्वतःच टोचायचं हे ऐकल्यापासून झोप उडालीये.

सिस्टरनी रबरी पॅडवर करून दाखवलं, भराभर झालं सगळं, मी हो हो केलं आणि घरी येऊन खोका उघडला तर काहीच आठवेना. सुई दिसली की हात जागच्या जागी थांबतो. त्यात सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की साधं बाटलीचं झाकण फिरत नाही तर त्या सुईवरचं टोपण कसं ओढणार. सून म्हणते आई मी देते टोचून, तिला अजिबात भीती वाटत नाही, पण ती गरोदर आहे आणि खोक्यावर काहीतरी इशारा छापलाय म्हणून मीच थांबवलंय तिला. हे कॅन्सरचं औषध आहे असंही कुणीतरी सांगितलं, त्याने अजून धसका घेतलाय.

मांडीत घ्यावं की पोटावर? सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा दिसतोय तो काढायचा का? आणि मुख्य म्हणजे पहिल्यांदा तुम्ही हात कसा पुढे नेलात ते सांगा, प्लीज.

निळी_शाई:
ताई, आधी एक गोष्ट करा, क्लिनिकमध्ये परत जा आणि पहिलं इंजेक्शन सिस्टरच्या समोर बसून तुमच्या हाताने घ्या. त्यांनी घेतलेलं बघायचं नाही, तुम्ही घ्यायचं आणि त्यांनी बघायचं. मी पण आधी नुसतं बघून आले होते आणि बघून काही येत नाही हो, हाताला कळावं लागतं की किती जोर लागतो आणि कधी थांबायचं. असं मागायला संकोच वाटतो पण मागा, हे शिकवणं त्यांच्या कामातच येतं.

आता भीतीचं. मला वाटायचं दंडातल्या इंजेक्शनसारखी लांब सुई असणार, पण कातडीखालची सुई जेमतेम अर्धा इंच असते आणि बारीक असते, स्नायूत जायचंच नसतं तिला, फक्त कातडीखालच्या चरबीच्या थरात. औषधही एक मिलीच्या आतच असतं. टोचतं, नाही असं नाही, पण टोचण्याआधीचा जो वेळ असतो ना, सिरिंज हातात धरून बसलेला, तोच सगळ्यात वाईट. म्हणून मी तो वेळच ठेवत नाही. सगळं आधी मांडून घेते, स्पिरिटचा बोळा, कोरडा कापूस, सुया टाकायचा डबा, हात साबणाने धुते, नाव-डोस-एक्स्पायरी वाचते, जागा पुसते आणि टोपण अगदी शेवटी काढते, मग थांबायचं नाही. टोपण सरळ रेषेत ओढायचं, पिळायचं नाही. एका हाताने कातडी चिमटीत धरायची, दुसऱ्याने सुई एकदम आत, हळूहळू घातली तर जास्त दुखतं. कोन ४५ की ९० हे तुमच्या सिरिंजच्या कागदावर असेल आणि सिस्टर तुमची चरबी बघून सांगतील. दांडा मात्र सावकाश दाबायचा, शेवटपर्यंत.

स्पिरिट पूर्ण वाळू द्या! ओल्यावर टोचलं की स्पिरिट सुईबरोबर आत जातं आणि जी आग होते त्याला लोक औषधाची आग समजतात. नंतर चोळायचं नाही, कापूस नुसता दाबून धरायचा.

जागेचं म्हणाल तर मला मांडी सोयीची, वरचा समोरचा भाग, जरा बाहेरच्या बाजूला, कारण बसून दिसते नीट. पोटावर दुखतं कमी असं बऱ्याच जणांचं मत आहे, तिथे बेंबीपासून दोन इंच सोडून घ्यायचं. दर वेळी जागा बदला, आज उजवी मांडी तर पुढच्या आठवड्यात डावी, आणि त्याच भागात घेतलं तरी मागच्या जागेपासून इंचभर दूर. एकाच ठिकाणी घेत राहिलं की तिथली कातडी निबर होते. काळंनिळं, लाल, कडक झालेलं किंवा जुना व्रण असेल तिथे अजिबात नाही. दंडाच्या मागे दुसरं कुणी देणार असेल तरच.

तुमच्या बोटांचं दुखणं मात्र डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आमवातवाल्यांचे हात आखडतात म्हणूनच तर पेन निघालेत. मेथोट्रेक्सेटचंही पेन असतं, त्यात सुई दिसतच नाही, पेन मुठीत धरून कातडीवर दाबायचं. मला आता बायोलॉजिकही (जिवंत पेशींपासून बनवलेलं औषध) चालू आहे, अडालिमुमॅब, दर दोन आठवड्यांनी, ते पेनमध्येच घेते. क्लिक झाला की औषध सुरू, पेनवरच्या छोट्या खिडकीत रंग पूर्ण भरेपर्यंत उचलायचं नाही, मी मनात सावकाश पंधरापर्यंत मोजते. सगळी पेनं सारखी नसतात, काहींना बटण असतं, काही नुसती दाबली की चालू होतात, तेव्हा कागद वाचायचाच. आणि सकाळीच घ्यायला हवं असं कुठे आहे? बोटं मोकळी झाल्यावर दुपारी किंवा संध्याकाळी घ्या. मी रात्री घेते, थोडी मळमळ झालीच तर झोपेत निघून जाते.

निवृत्त_सिस्टर:
पहाटपाखरूताई, सुनेला थांबवलंत ते अगदी योग्य केलंत. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, त्यामुळे जी गरोदर आहे किंवा मूल व्हावं म्हणून प्रयत्न करतेय तिने ही सिरिंज हाताळायची नाही, टोचायची नाही आणि सांडलेलं पुसायचंही नाही. खोक्यावरचा इशारा त्यासाठीच असतो. दुसरं कुणी मदत करणार असेल तर हातमोजे घालून. औषध पिवळं असतं त्यामुळे सांडलं की दिसतं, कातडीवर पडलं तर भरपूर पाणी आणि साबण, डोळ्यात गेलं तर लगेच खूप पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना कळवा.

कॅन्सरचं औषध म्हणून घाबरू नका. कॅन्सरमध्ये वापरतात हे खरं, पण तिथला डोस कितीतरी मोठा असतो. संधिवातात साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदाच. अमेरिकेत १९८८ मध्ये याला आमवातासाठी मान्यता मिळाली, तेव्हापासून डॉक्टरांच्या हाताखालून गेलेलं औषध आहे, त्याचे गुण आणि दोष दोन्ही चांगले माहीत आहेत.

पण ते "एकदाच" डोक्यात पक्कं बसवा. मेथोट्रेक्सेट रोज घेतलं गेल्याने माणसं दगावली आहेत, हे मी मुद्दाम कडक भाषेत सांगतेय. एक वार ठरवा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. घरात जुन्या गोळ्या उरल्या असतील तर मेडिकलवाल्याकडे परत द्या, इंजेक्शन चालू असताना चुकून गोळीही घेतली असं व्हायला नको. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या वेळी दोन घ्यायची नाहीत, फोन करून विचारायचं. फॉलिक अ‍ॅसिड (याचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून देतात ते जीवनसत्त्व) कोणत्या दिवशी घ्यायचं तेही डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

बुडबुडा काढायचा नाही. तयार सिरिंजमध्ये तो असतोच, कातडीखाली गेला तरी काही होत नाही, उलट काढायला गेलात तर औषधाचे थेंब बाहेर जातात आणि डोस कमी पडतो. सुईला परत टोपण लावायचं नाही, तेव्हा सुई बोटात घुसण्याचा धोका असतो. सरळ सुयांच्या डब्यात टाका, जाड प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा, सुई आरपार जाणार नाही असा. भरला की कुठे द्यायचा ते क्लिनिकला विचारा, घरच्या कचऱ्यात नको.

रक्ततपासण्या टाळू नका, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), लिव्हर आणि किडनी, डॉक्टर सांगतील तेव्हा. ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला, दम लागणं, विनाकारण काळंनिळं पडणं यातलं काहीही झालं तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांशी बोला, दम लागत असेल तर त्याच दिवशी. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी डॉक्टरकडे गेलात तर मी मेथोट्रेक्सेटवर आहे हे पहिलं वाक्य असू द्या, कारण ट्रायमेथोप्रिम असलेली काही अँटिबायोटिक्स याच्याबरोबर फार धोक्याची ठरतात. दारू घेत असाल तर तेही डॉक्टरांशी उघड बोला, लिव्हरचा प्रश्न आहे.

सोबती:
भीतीबद्दल मी लिहितो कारण माझा तोच प्रॉब्लेम होता, नुसती भीती नाही तर सुई बघून चक्करच यायची. अशा लोकांचं ब्लड प्रेशर एकदम खाली जातं म्हणून डोळ्यापुढे अंधारी येते. मला फिजिओने एक उपाय शिकवला, मांड्या, पोट आणि जो हात मोकळा आहे त्याची मूठ घट्ट आवळायची, चेहरा गरम वाटेपर्यंत धरायची, सोडायची, परत आवळायची, असं थोडा वेळ आधी करायचं. त्याने प्रेशर वर राहतं. फक्त ज्या मांडीत टोचायचंय ती टोचताना सैल हवी, आवळलेल्या मांडीत जास्त दुखतं. तुमची बोटं दुखतात तर मूठ सोडा, पायांनी केलं तरी चालतं. मी अजूनही पाठ टेकून अर्धवट आडवा होऊनच घेतो आणि लगेच उठत नाही.

बर्फ कापडात गुंडाळून मिनिटभर जागेवर धरला तर टोचलेलं कमी जाणवतं. उघडा बर्फ लावू नका.

अजून एक, इथे दोन औषधांची चर्चा एकत्र चाललीये म्हणून सांगतो, ठेवायची पद्धत वेगळी आहे. मेथोट्रेक्सेट साधारणपणे फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, खोक्यातच, उजेड आणि उष्णतेपासून लांब. अडालिमुमॅब, एटानरसेप्ट वगैरे बायोलॉजिक मात्र २ ते ८ डिग्रीत, फ्रीजरला चिकटून नको, एकदा गोठलं की ते वापरायचं नाही, वितळल्यावर चांगलं दिसलं तरी. घेण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, गार औषध जास्त झोंबतं. गरम पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका आणि हलवू पण नका. विमानाने जाताना बरोबरच्या बॅगेत ठेवा, सामानात दिलं तर गोठू शकतं.

निळी_शाई:
सोबती, बरं झालं लिहिलंत. अडालिमुमॅबच्या झोंबण्यात सायट्रेटचाही (औषधाच्या द्रवात मिसळलेला एक क्षार) हात असतो, जुन्या प्रकारात ४० मिलिग्रॅमला ०.८ मिली द्रव आणि त्यात सायट्रेट असायचं, नव्यात ०.४ मिली आणि सायट्रेट नाही. मला बदलून दिल्यावर जमीनअस्मानाचा फरक पडला. ज्यांना फार आग होते त्यांनी डॉक्टरांना विचारून बघा, सहन करत बसू नका.

पहाटपाखरू:
सगळ्यांचे खूप आभार, एकेकाचं दोनदा वाचलं. क्लिनिकला फोन करून मला तुमच्यासमोर स्वतः घ्यायचंय असं सांगितलं आणि सिस्टरनी लगेच वेळ दिली. त्यांनी आधी माझी बोटं बघितली, टोपण ओढायला लावलं, निघेना, तेव्हा त्यांनीच डॉक्टरांशी बोलून पेन लिहून घेतलं. पेनचं टोपण मोठं आहे, ते मी दोन्ही तळव्यांत धरून ओढते, बोटांवर जोर येत नाही. उजव्या मांडीत घेतलं, खुर्चीत टेकून, सिस्टर शेजारी बसून एक शब्द न बोलता बघत होत्या. क्लिकचा आवाज ऐकून दचकले पण पेन उचललं नाही, खिडकीकडेच बघत राहिले. दुखलं म्हणावं तर मुंगी चावल्याएवढं, तेही क्लिकनंतर.

आता या आठवड्याचं घरी घेतलं. पेन उचलल्यावर कातडीवर पिवळा थेंब आला आणि कापसावर थोडं रक्त पण. औषध पूर्ण गेलं की नाही? परत घ्यावं लागेल का? आणि त्या जागी रुपयाएवढा लालसर डाग आहे, जरा खाजतोय.

निवृत्त_सिस्टर:
परत घ्यायचं नाही! खिडकी पूर्ण भरलेली दिसली ना, मग डोस गेला. एखादा थेंब बाहेर येणं आणि रक्ताचा ठिपका दिसणं नेहमीचं आहे, बारीक रक्तवाहिनीला लागलं की येतो. पुढच्या वेळी पेन उचलायच्या आधी अजून थोडं थांबा, थेंब कमी येईल. तो कापूस उघड्या कचऱ्यात नको, पिशवीत बांधून टाका आणि हात धुवा. खूप औषध ओघळलं किंवा पेन मध्येच उचललं गेलं तरी स्वतःच्या मनाने दुसरं घ्यायचं नाही, क्लिनिकला विचारायचं.

लालसरपणा दोन-चार दिवसांत जायला हवा, गार पट्टी ठेवा, खाजवू नका. डाग पसरत गेला, गरम लागला, पू दिसला किंवा ताप आला तर दाखवा. अंगभर पित्त उठलं, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास अडकला तर एक मिनिट न थांबता इमर्जन्सीत जा. तसं काही नसेल तर पुढच्या आठवड्यात डावी मांडी, आणि आजची जागा कॅलेंडरवर त्या तारखेसमोर आत्ताच लिहून ठेवा.