शांत राहणे आणि शांती करणे

मालाडकर (प्रश्न)
सप्रेम सलाम. मी आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा सचिव आहे. काम नीट होत नाही म्हणून कमिटीने सफाईच्या कंत्राटदाराचे दोन महिन्यांचे बिल अडवले आणि त्याने कामगारांचा पगार थांबवला. जिने मात्र रोज झाडले जात आहेत आणि झाडणाऱ्या दोघी मावशी उधारीवर दिवस काढत आहेत. सभेत विषय काढला असता तर अध्यक्ष दुखावले असते, दोन गट पडले असते, म्हणून मी गप्प बसलो आणि त्यालाच शांती राखणे समजलो. गेल्या रविवारी उपासनेत बायबलमधील मत्तय 5:9 (‘जे शांती करणारे ते धन्य’) वाचले गेले, तेव्हापासून मन स्वस्थ नाही. माझे चुकले का?

भायखळ्याची वाचक
त्या वचनात ‘शांती करणारे’ असे म्हटले आहे, ‘शांत राहणारे’ असे नाही. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 24:14-15 प्रमाणे गरीब मजुराची मजुरी, मग तो आपला भाऊबंद असो की परका, त्याच दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी द्यायची असते, कारण त्याचा सारा जीव तिच्यावर असतो. याकोब 5:4 मध्ये तर अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते. कंत्राटदाराशी वाद खुशाल चालवा. त्याचा भुर्दंड मावशींना कशासाठी?

पार्लेकर
वाद वाढवण्यापेक्षा घरटी वर्गणी काढून दोघींना मदत द्यावी. दयाही ख्रिस्ताचीच शिकवण आहे.

वांद्र्याचा निवृत्त शिक्षक
पार्लेकरांचा हेतू चांगला आहे, तरी मला हे पटत नाही. ज्यांच्या कष्टाचे पैसे आपल्याच खात्यात पडून आहेत, त्यांना वर्गणी देणे म्हणजे त्यांच्याच पैशांवर आपण दानशूर ठरणे. लूक 19 मधील जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, पण फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे वचन त्याने वेगळे दिले. दान आणि परतफेड यांची त्याने गल्लत केली नाही. राहिली गट पडण्याची भीती. मुंबईतील 1992-93 च्या हिंदू-मुस्लिम दंगलींनंतर माजी पोलीस आयुक्त जुलिओ रिबेरो आणि तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी यांनी वस्त्यावस्त्यांत दोन्ही समाजांना एकत्र आणणाऱ्या मोहल्ला कमिट्यांच्या कामाला बळ दिले, तेव्हा ज्यांच्यात वैर होते त्यांनाच समोरासमोर बसवावे लागले. त्यापुढे आपली सोसायटीची सभा ती केवढी! मात्र मत्तय 18:15 लक्षात ठेवा: चारचौघांत बोलण्याआधी अध्यक्षांना एकांतात भेटा.

मालाडकर
काल रात्री अध्यक्षांकडे एकटाच जाऊन आलो. बिलातील पगाराची रक्कम वेगळी काढून ती मावशींना कंत्राटदाराकडून आपल्यासमोर देववावी आणि उरलेल्या बिलाचा वाद पुढे चालू ठेवावा, असे सुचवले. त्यांनी चहासुद्धा विचारला नाही, परंतु रविवारच्या सभेच्या विषयपत्रिकेत पगाराचा विषय पहिला घ्यायला संमती दिली. सभा उपासनेच्याच वेळेला आहे. पाळकसाहेबांना तसे कळवले आहे.